भिंत : पक्की

दि. ४ मार्च
दुकानातून, दुपारी

प्रिय खिळ्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. बाबांचा गुडघा दुखतो, माझं डोकं दुखतं आणि मशीन बिघडलं की दोघांचंही डोकं फिरतं. झाली खुशाली.

चार वर्षांनी तुझं पत्र! पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. ‘ळ’ अजून तसाच काढतोस, पोट सुटल्यासारखा. आणि पहिलं वाक्य काय लिहिलंयस, तर ‘फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र लिहितोय.’ अरे, चार वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहितोस आणि सुरुवात ही? पण खरं आहे बाबा. बोलते मी मध्येच. आता निदान तुझं पूर्ण वाचून तरी झालं.

तीनदा वाचलं. तू तिकडेही पाट्यांच्याच दुकानात लागलास हे वाचून हसू आलं. इथून पाय आपटत गेलास तो थेट दुसऱ्या पाट्यांच्या दुकानात! मालकीणबाई तुला फिटिंगचा मुख्य करायला निघाल्यात, हाताखाली तीन माणसं देणार आहेत, हेही वाचलं. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. आणि मग पुढचं वाचलं. तू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबतोस. पाय वर जातच नाही. चार वर्षं कटर मशीनपाशी बसून काढलीस, कोणाला कळू दिलं नाहीस. महिनाअखेर बाईंना हो की नाही सांगायचंय, आणि नाही म्हणालास तर हे कामच सोडून गोदामात खोकी रचायला जाणार.

खोकी रचायला! तू! आठव्या वर्षी तोंडात चार खिळे धरून बाबांच्या शिडीखाली उभा राहायचास, म्हणून तर नाव पडलं तुझं.

शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर देते. ‘ताई, त्या दिवशी माझं नक्की काय चुकलं? तू वहीत भिंत पक्की लिहिलं होतंस, म्हणजे तू ठोकून बघितलीच असणार. मग बोर्ड पडला कसा? भिंतीतला प्लग आखूड घेतला, की बोल्ट नीट आवळला नाही? एकदा कळू दे, म्हणजे एकतर सुधारेन नाहीतर सोडेन.’ देते उत्तर. पण शेवटी देते. आधी तू विचारलेलं कामाचं सांगते, नव्या माणसांना शिकवताना काय काय सांगायचं ते.

पहिलं म्हणजे काच. गिऱ्हाईक म्हणतं, ‘आत्ताच पुसलीय.’ कोणाची काच कोणी आत्ताच पुसलेली नसते. आपलं फडकं, आपलं पाणी, आपला हात. मग चिकट अक्षरं लावण्याआधी काचेवर साबणाचं पाणी मारायचं, दोनच थेंब साबण. जास्त घातला की अक्षरं दिवसभर इकडून तिकडे सरकत बसतात. घासणी मधून कडेकडे न्यायची. आणि वरचा कागद सोलताना आपल्याकडे ओढायचा नाही, काचेलगत दुमडून सपाट मागे न्यायचा. ओढला की अक्षराचं टोक उठलंच म्हणून समज.

काचेला आतून चिकटवायचं असेल तर मशीनला उलटं कापायला सांगायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात. गेल्या महिन्यात मीच विसरले. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारावर आठ ओळी अक्षरं, आणि वाचायची तर आतल्या पेशंटांनी. बाई फार सभ्य. म्हणाल्या, ‘आतले तर आलेच आहेत हो, मला बाहेरचे हवेत.’ परत कापलं सगळं.

नको असलेला भाग सोलताना अनुस्वार जपायचे. ते आधी निघून येतात आणि मग कोपराला चिकटून घरी जातात. परवा भाजी चिरताना बाबा म्हणाले, ‘तुझ्या कानाला काहीतरी लागलंय.’ बघते तर ‘केंद्र’मधला अनुस्वार. तिकडे त्या केंद्राचं दार उघडलं, इकडे मी टिंब घेऊन धावतेय!

ताज्या रंगावर काहीही चिकटवायचं नाही. रंगारी म्हणेल ‘वाळला’, नख लावून बघायचं. भर उन्हात मोठा तुकडा लावायचा नाही, ताणला जातो आणि संध्याकाळी आकसतो. ब्लेड बोथट झालं की मशीनला शिव्या घालण्याआधी ब्लेड बदलायचं. मोजपट्टीचं टोक सैल झालं असेल तर शून्यापासून न मोजता दहापासून मोजायचं, आणि दहा वजा करायचे विसरायचे नाहीत. भाड्याचा फिटर येतो ना आमच्याकडे, त्याने दोन बोर्ड दहा-दहा सेंटिमीटर मोठे करून ठेवले. एक अजून माझ्या पाठीमागे उभा आहे. गिऱ्हाईकाला म्हटलं, ‘दुकान थोडं मोठं करा.’ हसला नाही तो.

आणि गिऱ्हाईक! ‘लाल द्या, पण फार लाल नको.’ ‘जरा उठून दिसेल असं करा, पण साधं.’ नाव मोठं करा, फोन नंबरही मोठा करा, वेळही मोठी करा. सगळंच मोठं केलं तर मग मोठं काय राहिलं? आणि सोबत चुरगळलेल्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, त्यावर बोटाची सावली, ‘हेच चिन्ह पाहिजे, स्पष्ट पाहिजे.’ नमुना दाखवून सही घेतल्याशिवाय ब्लेड खाली उतरवायचं नाही, एवढं सगळ्यांना बजावून सांग.

बघ, किती लिहिलं. बाबा विचारत होते कोणाला लिहितेस. कामाचं आहे म्हटलं.

टेलरकाकांचा हात बरा आहे. तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं हे कळलं मला. मनगट मोडलं होतं ते जुळलं, थंडीत दुखतं म्हणतात. शिवतात व्यवस्थित. दुकानावर आता बोर्ड नाही, एक छोटा फ्लेक्स आहे, दाराच्या आतल्या बाजूला टांगलेला.

तर तुझा प्रश्न. अरे, चार वर्षं झाली. आता नीट आठवतही नाही. वारा होता त्या दिवशी खूप. वाऱ्याने जात असतात बोर्ड. तू उगाच डोक्यात घेऊन बसलायस.

कोणीतरी आलंय, थांबवते.

तुझी,
ताई


दि. १२ मार्च

प्रिय खिळ्या,

तुझं पत्र काल मिळालं. ‘वारा नव्हता, ताई. काकांनी दाराबाहेर टांगलेल्या सदऱ्यांच्या बाह्यासुद्धा हलत नव्हत्या.’

बरं. नव्हता वारा.

सकाळी एकाच बोर्डाचं माप तीनदा घेतलं, तीन वेगळी आली. चष्म्याच्या दुकानदाराला फोनवर उगीच तोडून बोलले. बाबा म्हणाले, ‘जेवून घे, उपाशीपोटी तू अशी करतेस.’ जेवले, तरी तशीच.

तर ऐक, आणि मध्ये थांबू नकोस, पूर्ण वाच. मी ती भिंत ठोकली नव्हती.

बाबांचा नियम तुला सांगायला नकोच. जिथे बोर्ड बसायचा तिथे शिडी लावून वर चढायचं, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे बोटाच्या पेरांनी ठोकायचं, आवाज भरीव आला तरच पाहणीच्या वहीत ‘भिंत : पक्की’ लिहायचं, आणि खाली आपली खूण करायची. खूण म्हणजे दिलेला शब्द. मी तीनशे वेळा तरी केलं असेल ते. त्या दिवशी नाही केलं.

काकांनी दारासमोर कापडाचे गठ्ठे उतरवून घेतले होते, शिडी लावायला जागाच नव्हती. ‘तासाभरात हलवतो,’ म्हणाले. मला तासभर थांबायचं नव्हतं. खालची भिंत उघड्या विटांची आहे बघ. मी रस्त्यापलीकडून विटांचे थर मोजले, एका थराची उंची गुणली, वरचं माप काढलं. ते बरोबरच आलं म्हणा. खाली वीट म्हणजे वर गिलाव्याआडही वीटच असणार, असं धरलं, आणि उभ्याउभ्या लिहून टाकलं. पक्की. खाली खूण.

तास कशाला वाचवला ते कोणालाच माहीत नाही. मला मुलाखतीला जायचं होतं. तो मोठा छापखाना आहे ना, पुस्तकं छापतात तो, तिथे मांडणी करणारं माणूस हवं होतं. टेबल, खुर्ची, खिडकी. उन्हात शिडी नाही, कोपराला अनुस्वार नाहीत, ‘फार लाल नको’ नाही. खिळ्या, मला जायचं होतं रे इथून. तुझ्याआधी मला जायचं होतं. बाबांना कसं सांगायचं एवढंच ठरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तू बोर्ड बसवलास आणि तो काकांच्या हातावर पडला. तू काकांना घेऊन दवाखान्यात गेलास, संध्याकाळी परत आलास तेव्हा सदऱ्यावर गिलाव्याची भुकटी होती. बाबांनी वही मागितली. मीच काढून दिली. पान उलटून त्यांनी वाचलं आणि तुला म्हणाले, ‘वहीत पक्की आहे. मग तुझाच हात.’ मी दोन हातांवर होते त्यांच्यापासून. तू माझ्याकडे बघितलंस का, ते मला आठवत नाही, कारण मी खाली बघत होते. मग तू जे बोललास, ते जे बोलले, आणि दार. सगळं पाच मिनिटांत झालं. मला वाटलं होतं, तुझा राग उतरला की सांगेन. तू थांबलासच नाहीस.

आठ दिवसांनी छापखान्यातून पत्र आलं, या म्हणून. कशी जाणार होते? दोघांपैकी एक गेलेला होता. आणि खरं सांगू? मला तुझाच राग यायचा. माझी जाण्याची पाळी तू घेतलीस असं वाटायचं. किती निर्लज्ज असावं माणसाने!

आता महत्त्वाचं. आज सकाळी मी गेले होते तिकडे. चार वर्षांत त्या रस्त्याला पाऊल टाकलं नव्हतं, भाजीलासुद्धा लांबून जाते. आज शिडी घेतली आणि गेले. काका म्हणाले, ‘वर काय शोधतेस गं?’ म्हटलं, ‘माप घेते.’ त्यांनी बऱ्या हाताने शिडी धरली. वर चढले, डावीकडे ठोकलं, मध्ये ठोकलं, उजवीकडे ठोकलं.

भरीव! तिन्ही ठिकाणी भरीव आवाज, खिळ्या! परत ठोकलं, पेरं लाल होईपर्यंत ठोकलं. अस्सल वीट आहे. मी न बघता लिहिलं खरं, पण लिहिलं ते बरोबरच होतं. भिंत पक्कीच होती.

शिडीवरून उतरताना एवढी हलकी झाले होते की काकांच्या दुकानात बसून चहा प्याले, वर त्यांच्या नव्या मशीनचं कौतुक केलं. चार वर्षं मी उगाच झुरत होते. न ठोकता लिहिलं ही माझी चूक, कबूल, हजारदा कबूल. पण बोर्ड त्याने पडलेला नाही.

मग कशाने पडला ते मला सांगता येत नाही. असेल एखादा बोल्ट सदोष. किंवा तू म्हणतोस तसं, आवळायचा राहिला असेल. होतं रे. माणसाच्या हातून होतं. पुढच्या वेळी दोनदा बघायचं, झालं. तेवढ्यासाठी कोणी खोकी रचायला जात नाही.

बाईंना हो सांग. ऐकतोयस ना?

मोकळी झालेली,
ताई


दि. २२ मार्च, शनिवार

खिळ्या,

मागचं पत्र फाडून टाक. आधी फाड, मग पुढे वाच.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी सकाळी आली. ‘भिंत पक्की आहे, म्हणजे माझाच हात. तू स्पष्ट सांगितलंस ते बरं झालं. सोमवारी बाईंना नाही सांगतोय.’ वाचल्या वाचल्या फोन लावला. उचलला नाहीस. नऊ वेळा लावला. तुझ्या दुकानात लावला तर कोणी म्हणालं, तू आजपासून दोन दिवस सुट्टीवर, खोलीवरच असशील. अरे, काय जीव घेतोस का माझा!

मी काय करून बसले होते ते तुझ्या त्या दोन ओळी वाचल्यावर कळलं. स्वतः हलकी झाले आणि ओझं उचलून पुन्हा तुझ्या डोक्यावर ठेवलं. वर ‘होतं रे’ म्हणून पाठ थोपटली.

बाबा समोर बसून एका जुन्या लाकडी पाटीची अक्षरं परत रंगवत होते. तसली कामं आता वर्षातून दोन येतात, पण ती ते मला करू देत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, ‘त्याचं आहे का?’

म्हटलं, हो. आणि सगळं सांगून टाकलं. न ठोकल्याचं, गठ्ठ्यांचं, विटा मोजल्याचं, मुलाखतीचं. तू तिसऱ्या पायरीवर थांबतोस ते सांगितलं. खोक्यांचं सांगितलं. त्यांचा ब्रश हवेतच होता, रंग थेंबथेंब गळत होता पाटीवर. मी म्हटलं, ‘पण बाबा, मी मागच्या आठवड्यात जाऊन ठोकून आले. भिंत पक्की आहे.’

‘कुठे ठोकलंस?’

‘बोर्ड होता तिथेच. तिन्ही ठिकाणी.’

‘मग पक्कीच असणार,’ बाबा म्हणाले. ‘ती मी बांधलीय.’

मला काही कळेना. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले, आणि पाटीकडे बघतच सांगितलं. तिथे पूर्वी खिडकी होती. कोणीतरी कधीतरी पातळ फळ्या ठोकून ती बंद केली होती आणि वरून गिलावा करून रंग दिला होता. खालून बघणाऱ्याला कळायचं नाही, पण ठोकलं असतं तर ढोलासारखं वाजलं असतं. तुझे प्लग, तुझे बोल्ट, सगळे त्या फळ्यांत गेले होते. बोर्ड पडला तो गिलावा आणि अर्धी फळी सोबत घेऊन पडला. तू काकांना उचलण्यात होतास, तुझं वर लक्ष कशाला जाईल. बाबांचं गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते विटा आणि सिमेंट घेऊन गेले, फळ्या काढल्या, खिडकी बुजवली, वरून गिलावा केला. काकांना म्हणाले, गिलावा पडलाय तो भरून देतो. आठवतं मला. त्या दिवशी ते पांढरेफटक होऊन घरी आले होते. मला वाटलं होतं, तू गेलास म्हणून तसे दिसतायत.

एक बोल्ट त्यांनी काढून बघितला होता. म्हणाले, ‘एवढा नीट आवळलेला होता, की मला पान्याला लोंबकळावं लागलं.’

ऐकलंस? तुझा हात नीट होता. प्लग बरोबर, बोल्ट बरोबर, आवळणं बरोबर. तुझं काहीही, काहीही चुकलं नव्हतं. ड्रिल मऊ गेलं असेल कदाचित, पण वहीत मी पक्की लिहिलं होतं, आणि तू माझ्या शब्दावर विसंबलास. हीच तुझी चूक म्हणायची असेल तर म्हण. मी नाही म्हणणार.

मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, मग त्याला परत का नाही बोलावलं? चार वर्षं गप्प का बसलात? म्हणाले, ‘तू का बसलीस?’ तेवढ्यात एक बाई विचारायला आली, ‘भाड्याने देणे आहे’ असं मिळेल का तयार. मी म्हटलं दुकान बंद आहे. दार सताड उघडं होतं.

मग ते आपणहून बोलले. छापखान्यातून माझी चौकशी करायला दुकानावर फोन आला होता, तो त्यांनीच घेतला होता. म्हणजे मी जाणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, ‘मला दोघंही हवे होतात. खिडकी बघितली तेव्हा तुझी चूक कळली. तुला बोललो असतो तर तू त्याच दिवशी गेली असतीस. तो रागावून गेला होता. मला वाटलं, रागावून गेलेलं माणूस आठ दिवसांत परत येतं. तू गेली असतीस तर राजीखुशीने गेली असतीस. तशी गेलेली माणसं परत येत नाहीत.’ आणि मग म्हणाले, ‘आठ दिवस झाले, पंधरा झाले. मग सांगायला तोंडच राहिलं नाही.’

मी त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मला ते अजून स्वतःला विचारताही येत नाहीये, कारण लगेच माझी पाळी येते.

दुपारी काकांकडे जाऊन आले. त्यांनाही सगळं सांगितलं, भिंतीचं आणि वहीचं. पायजम्याची दुमड घालत होते, मान वर न करता ऐकलं. म्हणाले, ‘माझा हात मोडला तो मोडला. कोणामुळे ते कळून तो काही आता वेगळा जुळणार नाही. पण त्या पोराला सांगितलंस का? दवाखान्यात नेताना माझ्यापेक्षा तोच जास्त रडत होता.’

मी म्हटलं, आज सांगतेय.

पण टपालाने हे पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही. मी म्हटलं, बाबा, मी सकाळच्या गाडीने निघते, समोर बसून सांगते. तर म्हणाले, ‘तू नको. मी जातो.’ म्हटलं, तुमचा गुडघा? म्हणाले, ‘गुडघा मी गेलो नाही तरी दुखतोच.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘पण मला त्याच्यासमोर एक शब्द सुचणार नाही. तू लिहून दे सगळं. माझंही लिही. मी नेऊन हातात देतो.’ पन्नास वर्षं लोकांची नावं लिहीत आलेला माणूस, खिळ्या, आणि आपल्या मुलासाठी चार ओळी माझ्याकडून लिहून घेतोय. काहीही लपवू नकोस म्हणून बजावलंय. वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणाले.

म्हणून हे पत्र तुझ्या हातात बाबांनीच दिलेलं असेल. तू वाचत असशील तेव्हा ते दारातच उभे असतील, तू म्हटल्याशिवाय आत यायचे नाहीत. त्यांना बस म्हणायचं की परत पाठवायचं, तुझं तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही. पण परतीची गाडी संध्याकाळी आहे आणि त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, एवढंच सांगून ठेवते.

बाईंना काय सांगायचं तेही तूच ठरव. हो सांग असं मी म्हणणार होते, आता ते म्हणायचा अधिकार मला नाही. फक्त शिडी लावशील तेव्हा भिंत स्वतः ठोकून बघ. कोणी लिहून दिलं असलं तरी. मी लिहून दिलं असलं तरी.

वही दाखवली तेव्हा दोन हातांवर उभी होते आणि गप्प बसले, ती

तुझी ताई